कडी आतूनच निघते

मला एरवी कवितेवर बोलायला बोलावतात. आज मात्र मी फसवणुकीवर बोलणार आहे. संगणकात शिरणारे व्हायरस आणि माणसांच्या आयुष्यात शिरणारे ठग, या दोघांचा थोडा इतिहास तुमच्यापुढं ठेवावा, असं मनात आहे. मी संगणकाचा जाणकार नाही. बी. ए.ला इतिहास घेतला होता, एवढीच काय ती माझी पात्रता. या विषयाकडे मी वळलो तो घरात घडलेल्या एका गोष्टीमुळं. तिथूनच सुरुवात करतो.

माझी थोरली बहीण सोलापुरात राहते. आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. सारी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. हिशेबाला पक्की. भाजीवाल्याकडून सुटे दोन रुपये परत घेतल्याशिवाय पुढं न सरकणारी. २०२४च्या पावसाळ्यात एका सकाळी तिला फोन आला. तुमच्या नावानं परदेशी जाणारं एक पार्सल पकडलं आहे, त्यात अमली पदार्थ आणि बनावट पासपोर्ट सापडले आहेत, असं पलीकडचा माणूस म्हणाला. मग व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दी, पाठीमागं झेंडा, टेबलावर फायली. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर त्यालाही गुन्ह्यात घ्यावं लागेल, असा हुकूम सुटला. आपा तासन्‌तास त्या मोबाइलसमोर बसून राहिली. दुपारची नमाज चुकली, चुलीवरचा भात करपला. शेवटी फोन चालू ठेवूनच ती बँकेत गेली, ठेव मोडली आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून चार लाख ऐंशी हजार रुपये सांगितलेल्या खात्यात भरून आली. तपासणी झाली की पैसे परत, असं त्यांनी कबूल केलं होतं.

आम्हाला हे कळलं तीन महिन्यांनी. पावसात छत गळत होतं आणि दुरुस्तीचं नाव काढलं की ती विषय बदलायची. मी खोदून विचारलं, तेव्हा तिचा बांध फुटला. म्हणाली, ‘‘पैशाचं जाऊ दे रे. मी मास्तरीण. पोरांना शहाणं करण्यात जन्म गेला. मीच फसले, हे कुणाला कोणत्या तोंडानं सांगू?’’

तिच्या परवानगीनंच हे सांगतो आहे. पैसे गेल्याचं दुःख आम्हाला झालंच, पण ती तीन महिने एकटी कुढत बसली, याचं जास्त झालं. शहाणीसुरती माणसं फसतात कशी, आणि फसल्यावर गप्प का बसतात, हे दोन प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहेत. त्यांची उत्तरं शोधताना मी जुन्या काळात शिरलो.

हितोपदेशातली गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. एक ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चालला आहे. तीन ठग वाटेवर अंतराअंतरावर उभे राहतात. पहिला म्हणतो, महाराज, खांद्यावर कुत्रं का घेतलंत? ब्राह्मण हसतो. दुसराही तेच म्हणतो. ब्राह्मण बोकड खाली उतरवून निरखून पाहतो. तिसऱ्यानंही तेच म्हटल्यावर तो बोकड टाकून देतो, आंघोळ करतो आणि घरी जातो. आपाच्या फोनवर त्या दिवशी तीन जण बोलले होते. आधी पार्सलवाला, मग फौजदार, मग ‘मोठे साहेब’. खोटं एकाच्या तोंडी संशयास्पद वाटतं, तिघांच्या तोंडी तेच खरं वाटू लागतं. गोष्ट शेकडो वर्षांची, पण युक्ती तीच.

आता ठग हा शब्दच घ्या. आपल्याकडून तो इंग्रजीत गेला आणि तिकडं गुंडाला ठग म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांविरुद्ध मोहीम चालवली आणि १८३६ मध्ये ठगीचा खास कायदाही झाला. त्या काळच्या इंग्रजांनी ठगांची संख्या आणि त्यांचे विधी फुगवून सांगितले, असं आजचे बरेच इतिहासकार मानतात. ते खरं असेल. पण माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांत फसवण्याची जी रीत सांगितली आहे, ती ओळखीची वाटते. ठग झुडपाआडून एकदम झडप घालत नसत. ते वाटेत भेटत, आपणही प्रवासी असल्याचं सांगत. पुढं चोरांचं भय आहे, एकत्र जाऊ, म्हणत. कधी कधी कित्येक दिवस सोबत चालत, एकत्र जेवत. चोरांची भीती दाखवून सोबत देणारा माणूसच चोर, असा तो प्रकार होता. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी पुढं काही वर्षं आमच्या सोलापूरजवळच्या नळदुर्गला होता. त्यानं १८३९ मध्ये ठगावर कादंबरी लिहिली, ती विलायतेत फार गाजली. तिचा नायक अमीर अली नावाचा मुसलमान. स्लीमनचा गाजलेला साक्षीदार फिरंगिया मात्र जन्मानं ब्राह्मण. एकाच टोळीत दोन्ही धर्मांची माणसं असत. ठगीला जातधर्म नव्हता आणि आजही नाही.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये काय चाललं होतं पाहा. व्हिदोक हा आधी गुन्हेगार आणि नंतर पोलीस अधिकारी झालेला गृहस्थ. त्याच्या १८२८च्या आठवणींत ‘जेरुसलेमची पत्रं’ असा एक प्रकार येतो. तुरुंगातले कैदी श्रीमंतांना पत्रं लिहीत. मी एका सरदाराचा नोकर, राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळताना आम्ही जडजवाहिराची पेटी अमुक जागी टाकली, ती काढायला थोडे पैसे पाठवा, तुम्हाला वाटा देतो, असा मजकूर. व्हिदोक म्हणतो, अशा शंभर पत्रांपैकी वीस पत्रांना उत्तर येई. पुढं हाच खेळ ‘स्पॅनिश कैदी’ या नावानं चालला. विसाव्या शतकाच्या शेवटी नायजेरियातल्या कुणा राजपुत्राचे किंवा सेनापतीच्या विधवेचे ई-मेल जगभर येऊ लागले, तेही याच पत्राचे वंशज. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यात फसवणुकीचं कलम ४१९ आहे, म्हणून या प्रकाराला नावच ‘चारशे एकोणीस’ पडलं. आपल्याकडं जसं ‘चारसोबीस’.

१८४९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम थॉम्पसन नावाचा माणूस पकडला गेला. त्याची पद्धत साधी होती. उंची कपडे घालून तो रस्त्यात एखाद्या सभ्य गृहस्थाला जुन्या ओळखीच्या थाटात गाठायचा, चार गोड शब्द बोलायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडं ठेवण्याइतका तुमचा माझ्यावर विश्वास आहे का? लोक घड्याळ काढून देत. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं, ‘कॉन्फिडन्स मॅन’, म्हणजे विश्वासवाला माणूस. इंग्रजीत भामट्याला जे छोटं नाव आहे, ते यातूनच आलं. त्यानं कुणाच्या खिशात हात घातला नव्हता. घड्याळ मालकानं स्वतःच्या हातानं काढून दिलं होतं.

आता हा ठग यंत्रात कसा शिरला, ते पाहू. १९७१ मध्ये अमेरिकेत बॉब थॉमस या संशोधकानं प्रयोग म्हणून ‘क्रीपर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचा आणि आपण आल्याचं सांगायचा, इतकंच. त्याला हुसकायला ‘रीपर’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहावा लागला. १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या मुलानं ‘एल्क क्लोनर’ तयार केला. मित्र एकमेकांना खेळांच्या फ्लॉपी देत, त्यातून तो पसरला. त्या फ्लॉपीवरून संगणक पन्नासाव्या वेळी सुरू केला की पडद्यावर काय यायचं? एक छोटीशी कविता! वाचक आपोआप वाढत जाण्याचं असं भाग्य आम्हा कवींना कुठलं? गमतीचा भाग सोडा, पण घराबाहेर पसरलेल्या पहिल्या काही व्हायरसांपैकी एकाच्या हाती कविता होती, हे वाचून मी जरा दचकलो होतो.

‘व्हायरस’ हे नाव मात्र १९८३चं. फ्रेड कोहेन हा विद्यार्थी आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करत होता. त्याचे प्राध्यापक लिओनार्ड अ‍ॅडलमन यांनी हे नाव सुचवलं. सगळे व्हायरस दरवेळी अचूक ओळखेल असा प्रोग्रॅम बनूच शकत नाही, हे याच कोहेननं पुढं गणितानं दाखवून दिलं. ‘मी अँटीव्हायरस घातलंय, आता मला कसली भीती’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कुलूप असावंच, पण कुलूप लावलं म्हणून कुणालाही दार उघडू नये.

घरगुती संगणकांवरचा पहिला मोठा व्हायरस आपल्या शेजारून आला. लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांचं संगणकाचं दुकान होतं. त्यांनी लिहिलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या लोक चोरून नकला करत, म्हणून त्यांनी १९८६ मध्ये ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस सोडला. मौज अशी की त्यात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले होते, उपायासाठी आम्हाला भेटा म्हणून! पुढं अमेरिका-इंग्लंडातून फोन येऊ लागले, तेव्हा भाऊच गांगरले. फुकट्या नकलेचा मोह झाला नसता, तर तो व्हायरस इतका लांब गेला नसता. या दोन भावांबरोबर मला आपल्याकडचे दोन भाऊ आठवतात. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. संगणक शिकलेला धाकटा भाऊ संजय यानं नव्वदच्या दशकात व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून पुण्याची ‘क्विक हील’ उभी राहिली. दोन भावांनी रोग सोडला, दोन भावांनी औषध विकलं. दोन्ही गोष्टी छोट्या दुकानातल्याच.

खंडणीची सुरुवात १९८९ची. त्या वर्षीच्या डिसेंबरात जगभरातल्या लोकांना टपालानं सुमारे २०,००० फ्लॉपी आल्या. एड्स रोगाची माहिती, असं वर लिहिलेलं. पाठवणारा डॉ. जोसेफ पॉप, हार्वर्डला शिकलेला जीवशास्त्रज्ञ. त्या काळी एड्सची केवढी दहशत होती, ते आठवा. फ्लॉपी घातल्यावर आधी काहीच व्हायचं नाही. संगणक साधारण नव्वद वेळा सुरू झाला की सगळ्या फायलींची नावं दडून जात आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, असा संदेश येई. सोबतच्या कागदावर बारीक अक्षरात याची सूचनाही होती म्हणे. वाचतो कोण? पॉपला अटक झाली, पण मानसिक स्थितीमुळं तो खटल्याला उभा राहू शकला नाही. टपालानं आलेलं, मोठ्या नावाचं, आरोग्याविषयीचं. संशय घ्यावा असं त्यात होतं तरी काय?

आणि मग ४ मे २००० हा दिवस. त्या दिवशी जगभरच्या कार्यालयांत लोकांना ओळखीच्या माणसांकडून ई-मेल येऊ लागले. विषय होता, ‘आय लव्ह यू’. सोबत जोडलेली फाइल ‘लव्ह लेटर फॉर यू’, तिच्या शेपटाला ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर. खरं तर त्यापुढं ‘व्हीबीएस’ असं आणखी एक शेपूट होतं, म्हणजे तो मजकूर नसून संगणकाला दिलेला हुकूम होता. पण विंडोज शेवटचं शेपूट सहसा दाखवत नसे. लोकांनी प्रेमपत्र उघडलं आणि व्हायरसनं त्यांची छायाचित्रं व इतर फायली खराब करून त्यांच्या पत्त्याच्या वहीतल्या प्रत्येकाला तेच पत्र पाठवलं. ब्रिटनच्या संसदेला ई-मेल बंद करावा लागला. काही दिवसांत कोट्यवधी संगणकांना लागण झाल्याचा अंदाज होता. हे सगळं मनिलातल्या ओनेल द गुझमन या विद्यार्थ्याचं काम. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याचा कायदाच नव्हता, म्हणून खटला उभा राहिला नाही. आपणच ते केलं, असं त्यानं २०२० मध्ये एका पत्रकाराजवळ कबूल केलं. आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायदा झाला तोही २०००चाच, त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला. त्यात व्हायरस सोडणाऱ्याकडून भरपाई घेण्याची तरतूद आहे आणि २००८च्या दुरुस्तीनं संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं हा वेगळा गुन्हा ठरला.

मी शब्दांवर पोट भरत नसलो, तरी शब्दांवर जगणारा माणूस आहे. जगातले सगळ्यात जास्त वापरले गेलेले प्रेमाचे तीन शब्द कुणीतरी चोरकिल्ली म्हणून वापरले, हे मला टोचतं. पण त्याहून जास्त विचार करायला लावतं ते हे, की कार्यालयातली गंभीर, प्रौढ माणसंसुद्धा ते पत्र उघडून पाहत होती. कुणीतरी आपल्यावर प्रेम करतं, असं ऐकण्याची भूक प्रत्येकाला असते. ती लबाडी नव्हे की मूर्खपणाही नव्हे.

प्रेमपत्रानंतर लग्नपत्रिका यायचीच. ती आली २०२४ मध्ये! त्या लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची आमंत्रणं म्हणून फायली फिरू लागल्या आणि पोलिसांना इशारे द्यावे लागले. फाइलच्या शेपटाला ‘एपीके’ असे. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसवायचं अ‍ॅप. ते बसवलं की आपले संदेश, ओटीपी चोराच्या हाती. प्रेमपत्रापासून लग्नपत्रिकेपर्यंत चोवीस वर्षं गेली. शेपूट पाहायची सवय आपल्याला अजून लागायची आहे.

आता कुणी म्हणेल, सगळेच व्हायरस काही आपण दार उघडायची वाट पाहत नाहीत. खरं आहे. २ नोव्हेंबर १९८८ला रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानं सोडलेला ‘वर्म’ आपला आपण पसरला आणि तेव्हाच्या छोट्या इंटरनेटवरचे अंदाजे ६,००० संगणक त्यानं ठप्प केले. १२ मे २०१७चा ‘वॉनाक्राय’ही तसाच. दीडशेहून जास्त देशांत तो पोचला, इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत उपचार अडले. पण ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिली होती. जवळजवळ दोन महिने लोकांनी ‘नंतर करू’ या बटणावर बोट ठेवलं. मग २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा तडाखा थेट आपल्या न्हावाशेव्यापर्यंत पोचला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं संगणकावरचं काम थांबलं. तेव्हा इथंही कडी आपल्याच बाजूला होती. लावायची राहिली होती, एवढंच.

या इतिहासात झारखंडातल्या एका गावानं मला फार अस्वस्थ केलं. जामताडा जिल्ह्यातलं करमाटांड. बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार आहे, असे फोन करणाऱ्या टोळ्यांमुळं गेल्या दशकात हा भाग देशभर बदनाम झाला. याच करमाटांडला ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आपल्या आयुष्याची शेवटची बरीच वर्षं काढली, संथाळांमध्ये राहून शिकवलं, औषधं दिली. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावच विद्यासागर आहे. ज्या मातीत विद्यासागर शिकवत होते, तिथल्या पोरांनी फोनवरून फसवण्याची विद्या शिकावी, याला काय म्हणावं? मी त्या पोरांचं समर्थन करत नाही. पण हाताला काम नसलेल्या, जिभेत गोडवा असलेल्या तरुणांच्या हाती स्वस्त मोबाइल आला की काय होतं, हेही इतिहासानं नोंदवायला हवं.

आता पुन्हा आपाकडं येतो. हे सगळं वाचल्यावर मला दिसलं, की ठग आपल्यातला मूर्खपणा शोधत नाही. तो आपल्यातली एखादी साधी, बहुतेकदा चांगलीच गोष्ट शोधतो. माणसांवरचा विश्वास, प्रेमाची ओढ, आजाराची धास्ती, कायद्याचा आदर. प्रत्येकाची दुखरी नस वेगळी. निवृत्त अधिकाऱ्याला अब्रूची भीती घालतात, आईला परदेशातल्या मुलाची. आपाला त्या माणसानं पूर्ण नाव विचारलं आणि नाव ऐकल्यावर आवाज बदलून म्हणाला, ‘‘पार्सल कुणाला जात होतं ते बाहेर आलं, तर उद्या पेपरात काय छापून येईल, कल्पना आहे ना?’’ आपा म्हणाली, त्या वाक्यानंतर मला काही ऐकूच आलं नाही. त्याला तिची नस सापडली होती. ती कुठली, हे मी वेगळं सांगायला नको.

डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी खात्यात पैसे मागवत नाहीत. २७ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये, म्हणजे रेडिओवरूनच, याविषयी सावध केलं. थांबा, विचार करा, मग पाऊल उचला, असा त्याचा सारांश. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून या प्रकारांची दखल घेतली. पण आपाला फोन आला तेव्हा हे शब्दच घरोघरी पोचले नव्हते.

आणि आता दुसरा प्रश्न, फसल्यावर माणसं गप्प का बसतात?

१९२५ मध्ये पॅरिसला व्हिक्टर लुस्तिग नावाच्या भामट्यानं चक्क आयफेल टॉवर विकला. पोस्ट आणि तार खात्याचा अधिकारी म्हणून त्यानं भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांना एका उंची हॉटेलात बोलावलं. टॉवरचा खर्च सरकारला झेपत नाही, तो मोडीत काढायचा आहे, पण बातमी फुटता कामा नये, असं सांगितलं. एका व्यापाऱ्यानं पैसे मोजले. फसल्याचं कळल्यावर तो लाजेनं पोलिसांकडं गेलाच नाही. लुस्तिग रोज वर्तमानपत्र पाहत होता. बातमी येत नाही म्हटल्यावर तो पॅरिसला परत आला आणि तोच टॉवर पुन्हा विकायला निघाला! दुसऱ्या खेपेला मात्र एक जण पोलिसांकडं गेला आणि लुस्तिगला अमेरिकेला पळावं लागलं. पहिला गप्प बसला, म्हणून दुसऱ्यापर्यंत फास पोचला.

याच्याशेजारी २०२४ची एक घटना ठेवा. लुधियानाचे ८२ वर्षांचे एक नामांकित उद्योगपती. पद्मभूषण मिळालेले. त्यांना ठगांनी डिजिटल अटकेत ठेवलं, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी पडद्यावर दाखवली आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. त्यांनी अब्रूचा विचार केला नाही. पोलिसांकडं गेले, जगाला उघड सांगितलं. पोलिसांनी आरोपी पकडले आणि सव्वापाच कोटी परत मिळाले. एवढा मोठा माणूस फसू शकतो, तर मास्तरीण फसली यात नवल काय, हे मी आपाला सांगितलं, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी मोकळी झाली.

आपल्याकडं म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. या एका बाबतीत ती उलटी आहे. मूठ झाकली की ठगाचं फावतं. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा ठिकाणी जातात, पण त्याला थोडा वेळ लागतो. त्या वेळात १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला, तर वाटेतच रक्कम गोठवण्याची शक्यता असते. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. बँकेला लगेच कळवायचं. आलेले संदेश, नंबर, पावत्या पुसून टाकायच्या नाहीत, तोच पुरावा असतो. पहिल्या तासांची किंमत मोठी आहे आणि तीन महिन्यांनी जाग येऊन फारसं हाती लागत नाही, हे आम्ही अनुभवानं सांगतो.

आणि आधीच सावध कसं राहायचं? इतिहासातून चार गोष्टी उचलतो. पहिली, घाई. ठग सगळं देईल, फक्त वेळ देणार नाही. म्हणून फोन ठेवायचा, आणि बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा नंबर आपण स्वतः शोधून उलट फोन करायचा. त्यानं दिलेल्या नंबरावर नव्हे. दुसरी, एकांत. ‘कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हटलं की त्याच क्षणी कुणाला तरी सांगायचं. त्या ब्राह्मणाबरोबर घरचं एखादं माणूस असतं, तर बोकड वाचला असता. तिसरी, गुपितं. ओटीपी आणि पिन कुणालाच द्यायचे नाहीत, आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पाठवायलाच लागतो. चौथी, घराची डागडुजी. मोबाइल आणि संगणकाचे अपडेट आले की त्याच दिवशी करायचे, महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायची, अनोळखीच काय, ओळखीच्या माणसाकडून आलेली फाइलसुद्धा शेपूट पाहून उघडायची. ‘आय लव्ह यू’ अनोळखी लोकांकडून आलं नव्हतं.

पाचवी गोष्ट घरच्या मंडळींसाठी. आपल्या घरात कुणी फसलं, तर ‘तुला कळत नव्हतं का?’ हे वाक्य उच्चारू नका. आपा तीन महिने गप्प राहिली, त्याचं कारण ठगाची धमकी नव्हती. ती आमच्या तोंडून येणाऱ्या याच वाक्याला घाबरली होती. खरं सांगायचं, तर ती पहिल्याच दिवशी बोलली असती, तर मी ते वाक्य बोललोही असतो.

आपाचे पैसे अजून आलेले नाहीत. तक्रार नोंदवली आहे. छत आम्ही भावंडांनी मिळून दुरुस्त केलं. गेल्या ईदला तिच्याकडं गल्लीतल्या बायका शिरखुर्म्याला जमल्या होत्या. हिंदू, मुसलमान, सगळ्या. वाट्या भरून झाल्यावर आपानं चष्मा लावला, शाळेत बसायची तशी ताठ बसली आणि म्हणाली, ‘‘बायांनो, मला एकदा असा फोन आला होता. नीट ऐका.’’ पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं सगळं सांगितलं, रक्कमही. सांगून झाल्यावर कोपऱ्यातल्या एक वयस्क बाई हळूच म्हणाल्या, ‘‘काकू, मला कालच तसला फोन आलाय. उद्या पुन्हा करतो म्हणालेत.’’

दुसऱ्या दिवशी तो फोन आला, तेव्हा त्या बाईंच्या शेजारी आपा बसलेली होती.